आईच्या डोळ्यामागे गाठ, नाकातून दुर्बिणीने करायचं की बाजूने कापून? (ठाणे)

नौपाड्याची_लेक

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आई ५४ वर्षांची, नौपाड्यात राहते, घरूनच पोळीभाजीचे डबे देते. मागच्या दिवाळीत मावसभावाच्या साखरपुड्याचे फोटो बघताना मावशी आईला म्हणाली अगं तुझा उजवा डोळा मोठा दिसतोय. आम्ही हसण्यावारी नेलं. शेजारच्या काकूंनी नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायला लावल्या, तेही करून झालं. त्याआधी वर्षभरात फक्त उजव्याच डोळ्याचा नंबर दोनदा बदलला होता, चष्मेवाला म्हणाला वयामुळे होतं, आणि दुखत नाही, लाल नाही, पाणी येत नाही त्यामुळे कुणी मनावर घेतलंच नाही. मग एक दिवस डबे भरता भरता सहज म्हणाली की कडेला बघितलं की उजव्या डोळ्यापुढे अंधारी येते गं, सरळ बघितलं की परत दिसतं. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

सीटी झाला, एमआरआय झाला. डोळ्याच्या मागे १९ मिलीमीटरची गाठ आहे. रिपोर्टमध्ये कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची साधी गाठ) वाटतोय असं लिहिलंय, कॅन्सरसारखी नाही असं दोन्ही डॉक्टर म्हणाले, तेवढं एक बरं.

आता घोळ असा की पहिले डॉक्टर, घोडबंदर रोडचे, म्हणाले कानशिलाच्या बाजूने चिरा देऊन थोडं हाड काढावं लागेल, गाठ निघाली की हाड परत बसवू. दुसरे वाशीचे, ते म्हणाले नाकातून दुर्बिणीने होईल, बाहेर एकही टाका नाही. भाऊ पुण्यात, त्याने व्हिडिओ बघून निकाल देऊन टाकला की नाकातूनच करा, हाड कापणं जुन्या जमान्यातलं. आणि आईच्या डोक्यात बसलंय की डोळा काढून वाटीत ठेवतात, मागचं साफ करतात आणि परत बसवतात. तिला कुणीतरी असं सांगितलंय. ती दोन रात्री झोपलेली नाही.

कुणी यातून गेलंय का? नाकातून केलं तर खरंच कमी त्रास होतो का? की फक्त टाका दिसत नाही म्हणून छान वाटतं?

तलावपाळी_७२

ताई घाबरू नका. माझ्या साडूंना डोळ्याची नस दबली होती, रोज सकाळी अनवाणी गवतावर चालून आणि त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवून सहा महिन्यांत फरक पडला. ऑपरेशनची घाई करू नका, डॉक्टर लोक लगेच कापायलाच बघतात.

दुर्बीणवाली

तलावपाळी काका, साडूंना काय झालं होतं ते माहीत नाही, पण १९ मिलीमीटरची गाठ त्रिफळ्याने विरघळत नाही. आणि कडेला बघताना अंधारी येणं म्हणजे गाठ नर्ववर, म्हणजे डोळ्याला दिसलेलं मेंदूकडे नेणाऱ्या नसेवर, दाब देतेय किंवा त्या नर्वचा रक्तपुरवठा दाबला जातोय. यात सहा महिने गवतावर चालायला सांगू नका कुणाला, प्लीज.

ताई, मी डोळ्यांची डॉक्टर आहे, पापण्या आणि खोबणीचंच (डोळा ज्या हाडाच्या खळग्यात बसतो तिचं) काम करते. आईंना तपासलेलं नाही, स्कॅन बघितलेला नाही, त्यामुळे हे सगळं ओळखीतल्या माणसाने समजावून सांगितल्यासारखं घ्या.

आधी वाटीचं. डोळा कुणीही बाहेर काढून ठेवत नाही. तो नर्वला जोडलेला असतो, काढला तर परत बसवून दिसत नाही. गोळा जागच्या जागी ठेवून फक्त हळूच थोडा बाजूला सारतात. हे आईंना आजच्या आज सांगा, झोप लागेल.

आता खोबण. पूर्ण खोबणीत मावतं सुमारे ३० मिली, म्हणजे पोहे खायच्या चमच्याने फार तर पाच-सहा चमचे. त्यात डोळ्याचा गोळाच साधारण ७ मिलीचा. उरलेल्या जागेत चरबी, स्नायू, रक्तवाहिन्या आणि ऑप्टिक नर्व. चार सरळ स्नायू मिळून एक शंकू होतो, चण्याच्या पुडीसारखा, पुडीच्या तोंडाशी डोळा आणि टोक मागे कवटीकडे. नर्व या पुडीच्या मधून जाते. तुम्ही म्हणताय तशी गाठ बहुतेक वेळा या पुडीच्या आत असते. चष्म्याचा नंबर का बदलत होता तेही यातच आलं, गाठ मागून गोळ्याला दाबते, गोळा चपटा होतो, नंबर प्लसकडे सरकतो. चष्मेवाल्याची चूक म्हणणार नाही मी, पण एकाच डोळ्याचा नंबर वर्षात दोनदा हलला की पुढे पाठवायला हवं होतं.

तुमचा प्रश्न आहे नाक की कानशील. तो प्रश्नच थोडा उलटा आहे. आधी विचारा की गाठ नर्वच्या कुठल्या बाजूला आहे. ठाणे स्टेशन डोळ्यापुढे आणा. रूळ म्हणजे नर्व. गाठ कोपरीच्या बाजूला असेल तर कोपरीतून शिरायचं, नौपाड्याच्या बाजूला असेल तर नौपाड्यातून. रूळ ओलांडायचे नाहीत, एवढा एकच नियम. गाठ नाकाच्या बाजूला आणि खाली असेल तर नाकाचा रस्ता चांगला, कानशिलाच्या बाजूला असेल तर नाकातून जाणं म्हणजे नर्व ओलांडणं, मग टाका दिसो न दिसो, तिकडून जायचं नाही. वर असेल तर वरच्या पापणीच्या घडीतून.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये नर्व कुठे ढकलली गेलीय लिहिलेलं असेल, ते इथे टाका. आणि अजून एक करा. घरात काहीतरी लालभडक घ्या, एकेक डोळा झाकून आईंना दाखवा, दोन्ही डोळ्यांनी लाल सारखाच दिसतो का विचारा.

नौपाड्याची_लेक

डॉक्टर, कुंकवाची डबी दाखवली. डाव्याने लाल म्हणाली, उजव्याने म्हणाली विटकरीसारखं, धुवून फिकं झाल्यासारखं. मी परत परत विचारलं, तेच म्हणाली. हे वाईट आहे ना?

रिपोर्ट बघून टाइप करतेय, गाठ इंट्राकोनल आहे, म्हणजे तुमच्या त्या पुडीच्या आत, नर्वच्या आतल्या आणि खालच्या बाजूला, नर्व वर आणि बाहेर ढकलली आहे. आतली म्हणजे नाकाकडची ना?

दुर्बीणवाली

हो, आतली म्हणजे नाकाकडची. लाल रंग फिका दिसणं म्हणजे नर्ववर दाब आहे, नुसता संशय नाही राहिला. घाबरण्यासारखं नाही पण लांबवण्यासारखंही नाही. अशी गाठ योगायोगाने सापडली आणि काहीच त्रास नसेल तर आम्ही वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवतो, फार हळू वाढते ती. तुमच्या आईंचं तसं नाही. रंगांची नीट चाचणी आणि फील्ड (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ती चाचणी) झालं नसेल तर या आठवड्यात करून घ्या, नंतर ऑपरेशनने किती फरक पडला तेही त्यावरूनच कळतं.

आता जागा अशी असेल तर वाशीच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण पहिल्या डॉक्टरांवर लगेच शिक्का मारू नका. त्यांनी एमआरआय बघून सांगितलं की फक्त सीटी बघून?

एरोलीचा_बॅट्समन

मधेच घुसतोय, माझं गाठीचं नाही, फ्रॅक्चरचं होतं पण खोबणीचंच. टर्फवर बॉक्स क्रिकेट, शॉर्ट लेगला उभा राहिलो, हेल्मेट नाही कारण टेनिस बॉल. काय व्हायचं ते झालं, पुल मारला त्याने आणि बॉल थेट डोळ्यावर. कॅज्युअल्टीत एक्स-रे काढला, काही नाही म्हणाले, बर्फ लावा आणि घरी जा. घरी आलो, नाकातून थोडं रक्त येत होतं म्हणून जोरात नाक शिंकरलं आणि आरशात बघतो तर डोळा फुगत फुगत बंद झाला, बोट लावलं की कुरकुर आवाज. बायको किंचाळली. नंतर कळलं की खोबणीचा तळ फुटला होता आणि नाकाची हवा सायनसमधून थेट डोळ्याभोवती शिरली. सीटी केल्यावर दिसलं. वर बघितलं की सगळं डबल, दोन पंखे, दोन ट्यूबलाइट, आणि गाल, वरचा ओठ, पुढचे दात असे बधिर जसे डेंटिस्टकडून आलोय.

सूज उतरायला आठदहा दिवस थांबले, मग ऑपरेशन. खालची पापणी खाली ओढून तिच्या आतल्या गुलाबी बाजूने आत गेले आणि टायटॅनियमची जाळी ठेवली. बाहेर एक ओरखडा नाही. ऑफिसात लोकांना खोटं वाटायचं की ऑपरेशन झालंय. पण ताई ऐका, ओरखडा नाही म्हणजे त्रास नाही असं नाही. महिनाभर डोळा टोचल्यासारखा, गाल पूर्ण जिवंत व्हायला आठ महिने लागले, आणि अजून एकदम वर मान न करता फक्त डोळे वर केले तर क्षणभर डबल दिसतं. कॅच सोडायला चांगलं निमित्त आहे.

दुर्बीणवाली

बॅट्समन दादांचं लहान मुलांच्या आईवडिलांनीही लक्षात ठेवा. लहान मुलांत हाड लवचिक असतं, तुटून परत झाकणासारखं बंद होतं आणि स्नायू त्यात अडकतो. बाहेरून डोळा पांढरा स्वच्छ दिसतो पण पोरगं वर बघत नाही, उलट्या होतात, नाडी मंद होते, आणि लोकांना वाटतं डोक्याला मार लागलाय. त्यात दहा दिवस थांबायचं नसतं, एकदोन दिवसांत सोडवावं लागतं, नाहीतर स्नायू मरतो.

पामबीच_वाली

मी नेरुळची, माझं थायरॉइडचं. दोन्ही डोळे बाहेर आले होते, पापण्या मिटायच्या नाहीत, रात्री डोळे उघडेच. आधी सहा महिने स्टिरॉइडची सलाईनं, मग आजार थंड व्हायची वाट, मग ऑपरेशन. थायरॉइडमध्ये गाठ काढायची नसते, खोबणीच्या भिंती थोड्या काढून आतल्या फुगलेल्या मालाला पसरायला जागा करून देतात. माझी नाकाकडची भिंत नाकातून दुर्बिणीने काढली, बाहेरची पापणीच्या कडेने. तुमच्या भावाला सांगा की मी दोन्ही अनुभवले आणि मला बाहेरचा चिरा जास्त सोपा गेला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांतच तो लपला, आता मलाच शोधावा लागतो. नाकाने मात्र दोन महिने छळलं. खपल्या, वास नाही, दिवसातून तीनदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, दर आठवड्याला वाशीला जाऊन नाक साफ करून घेणं. आमटीला फोडणी दिली तरी कळायचं नाही जळलीय ते.

आणि नंतर डबल दिसायला लागलं. हे होऊ शकतं असं सांगितलं होतं, कागदावर सही केली होती, तरी ते झाल्यावर वाटायचं आपलंच नशीब फुटकं. चष्म्याला प्रिझम, मग सात महिन्यांनी तिरळेपणाचं ऑपरेशन, त्यानंतर पापण्या. क्रम तोच असतो, भिंती, स्नायू, पापण्या, उलटा नाही करत. आता बरी आहे. कुणी थायरॉइडवालं वाचत असेल आणि सिगरेट ओढत असेल तर ती आज सोडा, डोळ्यांसाठी त्याहून वाईट काही नाही.

अजून एक, विम्याचं. माझ्या कंपनीने आधी कॉस्मेटिक म्हणून नाकारलं होतं. डॉक्टरांनी फील्डचे रिपोर्ट जोडून दृष्टी वाचवण्यासाठी आहे असं पत्र दिलं तेव्हा पास झालं. तुमच्याकडे कुंकवाच्या डबीचा पुरावा आहेच, तो कागदावर आणा.

नौपाड्याची_लेक

पामबीच ताई, तुमचं वाचून आईलाही वाचून दाखवलं. फोडणीच्या वासाचं ऐकून ती जास्त घाबरली, डबे कसे करणार म्हणे. डोळ्यापेक्षा फोडणीची काळजी!

पहिल्या डॉक्टरांना फोन केला होता. त्यांनी खरंच फक्त सीटी बघितला होता, तोही कॉन्ट्रास्टशिवायचा, आणि त्यात नर्व नीट वेगळी दिसत नव्हती. एमआरआयची सीडी पाठवली तर स्वतःच म्हणाले की मग बाजूने जाण्यात अर्थ नाही. मला वाटलं होतं चिडतील. उलट दुसरा पर्याय सांगितला, नाकात न जाता डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जो गुलाबी दाणा असतो तिथून. हे काय नवीन?

दुर्बीणवाली

नवीन नाही, आणि तुमचे पहिले डॉक्टर चांगले आहेत, सांभाळून ठेवा. बाजूने हाड काढून शिरण्याची पद्धत १८८० च्या दशकात क्रोनलाइन नावाच्या स्विस सर्जनने आणली, ती सुधारत सुधारत आजही वापरतात कारण बाहेरच्या बाजूच्या गाठींना तिच्यासारखा रस्ता नाही. भाऊ म्हणतो तशी ती मोडीत निघालेली नाही. नाकाचा रस्ता त्या मानाने तरुण, सायनसची दुर्बीण रुळली आणि १९९० च्या आसपास थायरॉइडच्या डोळ्यांसाठी तिच्यातून भिंत काढायला सुरुवात झाली, गाठींसाठी त्याच्याही नंतर.

गुलाबी दाण्याच्या बाजूने गेलं तर नाक शाबूत राहतं, फोडणीचा वास वाचतो. गाठ पुढच्या भागात, गोळ्याच्या जवळ असेल तर तो रस्ता मस्त. पण गाठ मागे टोकाकडे असेल तर तिथून खूप खोल आणि अरुंद होतं, समोर गोळा मधे येतो. नाकातून गेलं तर गोळा वाटेत येतच नाही, ४ मिलीमीटरची दुर्बीण सायनसमधून सरळ खोबणीच्या नाकाकडच्या भिंतीपाशी नेता येते. ती भिंत इतकी पातळ असते की तिचं शास्त्रीय नावच कागदावरून पडलंय. ती काढली, आतलं अस्तर उघडलं की चरबी बाहेर डोकावते, मग आतल्या आणि खालच्या स्नायूच्या मधल्या फटीतून गाठीपर्यंत. एक ईएनटी, म्हणजे कान-नाक-घशाचा सर्जन दुर्बीण धरतो, दुसरा डोळ्याचा सर्जन काम करतो, बऱ्याचदा दोन्ही नाकपुड्यांतून. गाठ जांभळासारखी असते, रंगाने पण आणि आकाराने पण, तिला स्वतःचं कवच असतं त्यामुळे सुटी होते. एक गार करणारी सळी असते, ती टेकवली की गाठ चिकटते, बर्फाच्या कांडीला जीभ चिकटते तशी, मग अलगद हलवत बाहेर. जोर नाही करायचा, हळूहळू सोडवायची.

पामबीच ताईंच्या नाकाइतका त्रास आईंना होईलच असं नाही, त्यांच्या भिंती जास्त काढल्या होत्या. पण खपल्या, मिठाचं पाणी, काही आठवडे वास कमी हे धरून चाला. थोडे दिवस डबल दिसू शकतं, स्नायू बाजूला ओढलेला असतो. त्या काळात एक डोळा झाकला की काम चालतं. गॅसपाशी मात्र एका डोळ्याने अंदाज चुकतो, कढईपासून जरा लांब.

दोघांनाही एकच विचारा, असं तुम्ही दोघं मिळून याआधी केलंय का. कुठला रस्ता हे गाठ ठरवते, पण त्या रस्त्यावर सर्जनचा हात बसलेला हवा. २०२१ मध्ये म्युकरच्या (कोविडनंतरच्या काळ्या बुरशीच्या) वेळी आमच्याकडचे ईएनटीवाले आणि डोळेवाले रोज एकाच टेबलाला उभे असायचे, त्या दिवसांचं आठवलं तरी नको वाटतं, पण तेव्हापासून बऱ्याच जोड्या जमल्या आहेत.

आणि एक न विसरण्यासारखं. ऑपरेशननंतर पहिली रात्र हॉस्पिटलमध्येच. डोळ्यामागे रक्त साठलं तर दुखणं वाढत जातं, डोळा दगडासारखा कडक होतो, दिसणं कमी होतं. क्वचित होतं, पण झालं तर तासाभरात हालचाल व्हावी लागते. नर्सने दर थोड्या वेळाने टॉर्च आणि बोटं दाखवून तपासलं पाहिजे, झोपल्या आहेत म्हणून सोडलं तर तुम्ही उठून सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःहून बंद करू नका. नंतर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. का ते बॅट्समन दादांनी सांगितलंच आहे.

एरोलीचा_बॅट्समन

कुरकुर आवाज अजून स्वप्नात येतो.

तलावपाळी_७२

रुळांचं उदाहरण आवडलं डॉक्टर. साडूंना आज फोन करून विचारलं, त्यांना फक्त डोळे कोरडे पडायचा त्रास होता म्हणे. माझंच चुकलं.

नौपाड्याची_लेक

अपडेट. काल दोघे डॉक्टर फोनवर एकमेकांशी बोलले. गाठ मागच्या अर्ध्या भागात आहे म्हणून नाकातूनच ठरलंय, वाशीला, आणि पहिले डॉक्टर स्वतः तिथे येणार आहेत, डोळ्याचं काम तेच करणार. फील्ड झालं, खालच्या बाजूला थोडं गेलंय, विम्याला तेच पाठवलं. तारीख पुढच्या गुरुवारची. डब्यांचं मी आणि वहिनी बघू, गिऱ्हाइकांना महिनाभर मुगाची खिचडी चालेल असं आईने परस्पर जाहीर करून टाकलंय.

भावाला रूळ ओलांडायचे नाहीत हे सांगितलं तर तो आता सगळ्यांना तेच ऐकवत फिरतोय, जसं काही त्यानेच शोधलं.

एक शेवटचा प्रश्न, बावळट वाटेल. आईच्या नाकात चमकी आहे, उजवीकडे आणि तीही लग्नातली. ती काढावी लागेल का? एमआरआयला काढली होती तेव्हाच रडली होती, घरी आल्या आल्या परत घातली.

दुर्बीणवाली

काढावीच लागेल, दुर्बीण तिथूनच जाणार. बुधवारी रात्री ओढाताण करू नका, आदल्या आठवड्यातच सोनाराकडून मळसूत्र ढिलं करून घ्या. परत कधी घालायची ते ईएनटीवाल्यांना विचारा, खपल्या जाईपर्यंत नाही म्हणतील. भोक बुजेल म्हणून काळजी असेल तर तेही त्यांनाच विचारा, बारीक प्लॅस्टिकची काडी कधी चालेल ते सांगतील.

पामबीच_वाली

माझी नथीची जागा दोन महिने रिकामी होती तरी बुजली नाही. आईंना सांगा.